सुट्टी झाल्यानंतरचे घर

व्यसनमुक्ती केंद्र आणि स्वतःचे घर यांच्यामधला मुक्काम म्हणजे सोबर होम. तिथे राहणारे सगळेच दारू किंवा दुसरी एखादी नशा सोडलेले असतात आणि घरात नशेला पूर्ण बंदी असते. माणूस सकाळी कामावर जातो, संध्याकाळी परततो, आपल्या वाटचे भाडे नि जेवणखर्च भरतो, झाडलोट-स्वयंपाकात हात लावतो, ठरलेल्या दिवशी मीटिंगला बसतो. मुक्काम बहुधा तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचा. डॉक्टर तिथे मुक्कामाला नसतो, सलाइन लागत नाही आणि दाराला बाहेरून कुलूपही नसते. कुणी याला हाफ-वे होम म्हणतो, कुणी आफ्टर केअर. अमेरिकेत अशी घरे चार पायऱ्यांची मानतात: राहणाऱ्यांनीच चालवलेले, एखादा जुना रहिवासी देखरेख करतो असे, पगारी व्यवस्थापक असलेले आणि समुपदेशनासह उपचार देणारे. पायरी चढते तशी देखरेख वाढते, खर्चही वाढतो.

वऱ्हाडात हा मधला मुक्काम सहसा कुणी हिशेबात धरत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या घरांत सगळा जीव ‘भरती कुठे करायचे’ या प्रश्नावरच खर्ची पडतो. महिना-दीड महिन्याने सुट्टी होते, मोठा भाऊ नाहीतर मेहुणा घ्यायला जातो, येताना शेगावला गजानन महाराजांचे दर्शन होते आणि उपचार संपले असे सगळे धरून चालतात. अजून काही महिने बाहेर ठेवू, असे बायकोने सुचवले तर वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: ‘‘सुटली ना आता त्याची? मंग अजून पैसे कायले घालता?’’ भरतीच्या वेळी सोसायटीचे नाहीतर सावकाराचे पैसे उचललेले असतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. मात्र त्या महिन्यात नेमके काय सुटले, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

महिनाभरात काय सुटते

दारूची शरीराला लागलेली सवय काही दिवसांत उतरते. हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप उडणे हा त्रास पहिल्या आठवड्यात ओसरू लागतो. पोट सुधारते, चेहऱ्यावर तजेला येतो, वजन वाढते. घरच्यांना दिसते ते एवढे. न दिसणारे बरेच काही मागे राहते. झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागतात. चिडचिड, उदासी, कशातच रस न वाटणे हेही तितकेच रेंगाळते. तलफ तर वेळ, जागा, माणसे आणि खिशातला पैसा यांना चिकटलेली असते. केंद्रात यांपैकी काहीच नसल्यामुळे ती तिथे गप्प असते. तलफ गेली असे माणसालाच वाटू लागते आणि तो ते मनापासून सांगतो. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरला की डाव्या हाताला भट्टी आणि उजव्या हाताला पानटपरी.

वऱ्हाडचे वर्षही अशा माणसाची परीक्षा पाहणारे आहे. श्रावणात अनेक पिणारे महिनाभर थेंबाला शिवत नाहीत. अकोल्यात तर शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीतून आणून राजराजेश्वराला घालणाऱ्यांत असे कित्येक असतात. याच महिन्यात घरच्यांची समजूत होते की मनात आणले तर हा सोडू शकतो. श्रावणी अमावास्येला पोळा येतो, दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी बाटली आणि पत्ते यांना गावाची मूक संमती असते. पुढे सोयाबीन निघते, दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजार समितीतून रोख रक्कम हातात येते. मग कापसाची वेचणी, लग्नसराई, होळी. ज्याची सुट्टी आषाढात झाली त्याला पहिला मोठा घाट पोळ्याचा आणि ज्याची भाद्रपदात झाली त्याला सोयाबीनच्या पैशाचा. मधल्या घरात किती दिवस राहायचे हे ठरवताना इंग्रजी महिन्यांपेक्षा हे पंचांग पाहणे जास्त उपयोगाचे. पोळ्याच्या चार दिवस आधी माणसाला घरी आणणे म्हणजे महिनाभराची कमाई पणाला लावणे.

आधी दवाखाना

सोबर होम ही दारू उतरवण्याची जागा नव्हे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भिंतीवर नसलेले किडे झटकू लागतो, अंगात ताप भरतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक गोळ्या आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘इर्विन’, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘सर्वोपचार’ ही त्यासाठीची पहिली दारे. टेलि-मानसच्या १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या १४४४६ या सरकारी क्रमांकांवरही पुढची वाट विचारता येते. पिऊन आलेल्या माणसाला ‘येऊ द्या, इथे उतरेल’ असे म्हणणारे सोबर होम पहिल्याच बोलण्यात बाद धरावे. चांगले घर आधी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड मागते.

याच टप्प्यावर वऱ्हाडातल्या एका जुन्या उपायाबद्दल सांगायला हवे. ‘न सांगता भाजीत टाकायची पुडी’ अजूनही गावोगाव खपते. तिच्यात पुष्कळदा डायसल्फिराम असते. हे औषध पोटात असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ते देतात, पण रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने. चोरून दिलेल्या पुडीने जीव जाऊ शकतो. वाचलाच, तर तो घरच्या ताटावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

घर चालते कसे

या कल्पनेचा सर्वांत स्पष्ट नमुना अमेरिकेत सापडतो. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथले एक सरकारी हाफ-वे होम बंद व्हायची वेळ आली, तेव्हा पॉल मलॉय आणि तिथले इतर रहिवासी यांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. हेच पहिले ऑक्सफर्ड हाउस. त्याचे मूळ नियम तीनच: कारभार सगळ्यांच्या मताने, खर्च सगळ्यांच्या खिशातून आणि जो पुन्हा नशा करील त्याला घराबाहेर. नव्या माणसाला घ्यायचे तर ऐंशी टक्के रहिवाशांची संमती लागते. खजिनदार, अध्यक्ष ही पदे सहा महिन्यांहून अधिक काळ एकाकडे राहत नाहीत. मालक नाही, व्यवस्थापकही नाही. दारूपायी ज्याच्या हाती घरात दहा रुपयेही कुणी देत नव्हते, त्याच्याकडे इथे सहा-आठ जणांच्या भाड्याची पेटी येते. या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले लिओनार्ड जेसन यांनी उपचार संपवून निघालेल्या १५० जणांचा दोन वर्षे माग ठेवला. निम्मे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ऑक्सफर्ड हाउसमध्ये गेले, निम्मे नेहमीच्या वाटेने. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर नशा करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३१.३ टक्के होते, तर दुसऱ्यात ६४.८ टक्के. पहिल्या गटाची महिन्याची कमाईही दुपटीहून जास्त निघाली. भाडे भरायचे तर काम शोधावे लागते, आणि कामावर जायचे तर सकाळी वेळेवर उठावे लागते. आकड्यामागचे कारण एवढे साधे असावे.

देखरेखीच्या घरांतली रीत थोडी वेगळी असते. तिथली संध्याकाळ पाहिली की घराचा दर्जा कळतो. साधारण सात वाजता मंडळी कामावरून परततात. दाराशीच श्वास तपासायचे छोटे यंत्र असते. प्रत्येक जण फुंकर मारतो आणि वहीत वेळ टाकून सही करतो. चांगल्या घरात ही तपासणी व्यवस्थापकाचीही होते, आणि सगळ्यांसमोर होते. मग गोळ्यांचा डबा निघतो. ज्याची गोळी त्याने सगळ्यांसमोर घ्यायची, पाणी प्यायचे, पुन्हा सही. पोळ्या लाटायची पाळी भिंतीवरच्या कागदावर लिहिलेली असते. आयुष्यात पोळपाट हातात न धरलेला गडी पहिल्या आठवड्यात नकाशे लाटतो आणि बाकीचे ते मुकाट खातात. जेवणानंतर तासभर गोल करून बसणे. दिवसभरात तलफ कुठे आली, कुणाचा फोन आला, पगाराचे पाकीट कुणाजवळ ठेवले, असे बोलणे चालते. कुणी सल्ला देत नाही, जो तो आपापले सांगतो.

बसण्याची ही रीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची. ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली आणि भारतात १९५७ मध्ये आली. तिच्या मीटिंगला फी नसते, पुरते नाव सांगावे लागत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. सोबर होम कोणतेही असो, त्याच्यापासून चालत किंवा सायकलने जाता येईल अशी मीटिंग नसेल तर ते घर अर्धेच.

महाराष्ट्रातली वाट

मराठी मुलखात व्यसनमुक्तीचे नाव काढले की मुक्तांगण आठवते. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्याबद्दल लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली. तिथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि समुपदेशक-कार्यकर्त्यांतले बरेच जण एकेकाळचे रुग्णमित्रच. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, आणि दारू सोडल्याला वर्ष झाले की वाढदिवस साजरा होतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन आणि चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये उभारलेले टीटीके रुग्णालय या दोन्ही ठिकाणीही सुट्टीनंतरच्या काळाचा विचार पहिल्यापासून झाला. या संस्थांनी एक गोष्ट रुजवली: पाठपुरावा हा उपचाराचाच भाग.

अमरावती आणि अकोल्यात सरकारी मनोविकार विभाग आहेत, खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, खासगी केंद्रेही आहेत. राहणाऱ्यांनी चालवलेली, मोकळ्या दाराची सोबर होम्स मात्र या भागात रुजलेली नाहीत. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे थोड्या खाटांची आणि थोड्या आठवड्यांची असतात. दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते, आणि १८० जणांमागे एकच भरती होतो. जिथे भरतीचीच ही गत, तिथे भरतीनंतरच्या घरासाठी कोण पैसे बाजूला ठेवणार?

वऱ्हाडने या प्रश्नाला आपली उत्तरे दिली, नाही असे नाही. वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ घालून घेणे हे त्यातले सगळ्यात प्रभावी. माळ घातलेल्याला गाव आग्रह करत नाही, करीच्या दिवशीही नाही. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजातली सामुदायिक प्रार्थना कित्येकांना संध्याकाळची ती धोक्याची वेळ काढायला पुरली. कृतज्ञतेने मान्य करावे असेच हे आहे. फक्त माळेने झटके थांबत नाहीत आणि उदासीही उतरत नाही; ती डॉक्टरच्या गोळीबरोबर चालावी, गोळीऐवजी नव्हे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून माणसाला तिकडच्या नातेवाइकांकडे धाडण्याचीही एक रीत दिसते. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात प्यायला येणारी माणसे पाहिली, की त्या रीतीचा भरवसा किती धरायचा ते ध्यानात येते.

कुलूप कुणाच्या हातात

निवडीची वेळ येते तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली समोर येतात. एक घर आणि दुसरा कोंडवाडा. ‘आमची गाडी येईल, चार पोरे येतील, तुम्ही फक्त पत्ता द्या’ असे फोनवर सांगणारी केंद्रे घायकुतीला आलेल्या कुटुंबांना देवासारखी वाटतात. रात्री अंगणातून माणूस उचलला जातो, मोबाइल काढून घेतला जातो, तीन महिने भेट बंद. मग तोच मुक्काम ‘आफ्टर केअर’ या नावाने सहा महिने लांबवला जातो. अमेरिकेतही हे घडले आहे. २०२३ मध्ये ॲरिझोना सरकारने उघड केले, की मूळनिवासी वस्त्यांतून माणसे गाड्यांत घालून आणायची, नावापुरत्या सोबर होम्समध्ये ठेवायची आणि न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी विम्यातून उकळायची, असा धंदाच चालला होता. घराला नाव काय दिले आहे, त्यावर काही ठरत नाही.

भारतात याबाबतचा कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्याच्या कक्षेत येतात. अशा माणसांना उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी ठेवून घेणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. इच्छेविरुद्ध भरती करायची तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि माणसाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका यांसारखे कारण हवे. अशी भरती पहिल्यांदा तीस दिवसांपुरतीच. साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे. सक्तीने डोके भादरता येत नाही, अंगावरचे कपडे काढून गणवेश घालता येत नाही, काम जबरदस्तीने करून घेता येत नाही आणि स्वखुशीने केले तर मोबदला द्यावा लागतो. याच कायद्याच्या १८ व्या कलमात हाफ-वे होम आणि आधारगृहे उभारणे ही शासनाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. ती कागदावरून उतरायची आहे, हे अमरावती-अकोल्यात कुणालाही विचारावे.

सोबर होमसाठी निकष त्याहून सोपा आहे. माणूस स्वतःच्या सहीने आला पाहिजे आणि ‘जातो’ म्हटल्यावर जाता आला पाहिजे. बाहेरून कुलूप घालणाऱ्या ठिकाणी माणूस फक्त कुलपापासून लांब राहायला शिकतो.

बघायला जाताना

घर बघायला दोघांनी जावे: ज्याला राहायचे आहे तो, आणि घरातले कुणीतरी एक. त्याला न दाखवता घर ठरवणे ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. मुलीसाठी स्थळ पाहायला जाताना वऱ्हाडी माणूस आजूबाजूच्या चार घरांत चौकशी करतो, मळ्याची विहीर पाहतो. इथे मात्र तो फोनवर पैसे पाठवून मोकळा होतो.

सांगून जावे आणि एकदा न सांगताही जावे. ऑफिसातल्या सोफ्यावर बसून घर कळत नाही. स्वयंपाकघर, संडास आणि झोपायची खोली पाहायला मागावी. एका खोलीत किती खाटा आहेत, खिडकी उघडते का, गच्चीवर जायला मिळते का हे पाहावे. मग राहणाऱ्यांपैकी कुणाशी तरी व्यवस्थापक जवळ नसताना बोलावे. तिथला माणूस सहज शिव्या घालत नियमांची तक्रार करीत असेल तर ते चांगले लक्षण; घाबरून ‘सगळं मस्त हाय’ म्हणत असेल तर नाही. किती जण कामावर जातात ते विचारावे. भरदुपारी सगळेच घरात पडलेले दिसले तर ते सोबर होम नसून लांबवलेला वॉर्ड आहे.

औषधांचा प्रश्न नेमका विचारावा, कारण इथे बरीच घरे घसरतात. ‘आम्ही सगळ्या गोळ्या बंद करतो, गोळी म्हणजेच नशा’ ही भाषा धोक्याची. तलफ कमी करणारे नॅल्ट्रेक्झोन किंवा ॲकॅम्प्रोसेट, नैराश्याची गोळी, ब्राउन शुगर सोडलेल्याला दिलेले ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे डॉक्टरने लिहिली आहेत आणि डॉक्टरच थांबवील. ब्राउन शुगरच्या बाबतीत तर सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. महिन्याभरानंतर कुणी जुन्याच मापाने घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. अशा माणसासाठी घर निवडताना जवळ मोठा दवाखाना आहे की नाही, हे भाड्याच्याही आधी पाहावे.

पैशाचा कागद हवाच. महिन्याचे किती, त्यात काय येते, अनामत किती, मध्येच निघाल्यास परत किती मिळेल. सहा महिन्यांचे पैसे एकदम मागणाऱ्याला माणूस लवकर बरा होण्यात रस नसतो. पगार झाल्यावर पैसे कुणाच्या हाती, हेही आधीच ठरावे. सुरुवातीला बायको किंवा बहिणीच्या खात्यात पगार आणि हातखर्चाला रोज थोडे, ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी चालते. मात्र घराच्या व्यवस्थापकाने एटीएम कार्ड ठेवून घेणे कधीच मान्य करू नये. आधार कार्ड आणि सातबाऱ्याचे कागदही तिथे ठेवायला देऊ नयेत.

जवळ की लांब, यावर घरोघर वाद होतो. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसले की पुणे-मुंबई दूर नाही, आणि गावापासून तुटणे पहिल्या महिन्यांत फायद्याचेच ठरते. तिथे जुना सोबती अचानक दारात उभा राहत नाही. तोटाही त्यातच आहे. पुण्यात दारूशिवाय जगायला शिकलेला माणूस अंजनगावच्या चौकात नवखाच असतो. म्हणून दोन टप्पे करणे शहाणपणाचे: पहिले काही महिने लांब, नंतरचे अमरावती किंवा अकोल्यात, जिथून रविवारी वावरात चक्कर मारून रात्री परत येता येईल. शेती असलेल्याला हा दुसरा टप्पा टाळता येत नाही.

स्त्रियांसाठी ही सगळी शोधाशोध फार लवकर संपते. मुक्तांगणात ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे, अशा मोजक्या जागा वगळल्या तर पर्याय हाताच्या बोटांवर. पुरुषांच्या घरात ‘एक खोली बाईसाठी’ ही तडजोड अजिबात करू नये. स्त्रियांचे वेगळे घर, स्त्री व्यवस्थापक आणि लहान मूल सोबत ठेवण्याची मुभा, हे तीन नसतील तर डॉक्टरच्या नियमित भेटी आणि माहेरच्या माणसांचा पहारा हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

घसरला तर

घर निवडताना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा: इथे कुणी प्यायला तर काय करता? ‘आमच्याकडे कुणी पीतच नाही’ हे उत्तर खोटे असते. अमेरिकेच्या व्यसनविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या मते उपचारानंतर पुन्हा घसरण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांनी औषध-पथ्य मोडल्यावर त्रास उलटण्याच्या प्रमाणाजवळ जाणारे. मारहाण, उपाशी ठेवणे, सगळ्यांसमोर उठाबशा ही उत्तरे ऐकू आली की तिथून उठावे. चांगल्या घराकडे लिहिलेली रीत असते. प्यायलेल्याला त्या रात्री घरात ठेवत नाहीत, कारण बाकीच्यांच्या मुक्तीला धोका असतो. पण रस्त्यावरही सोडत नाहीत. घरच्यांना फोन जातो, गरज पडल्यास दवाखान्यात पोहोचवतात, आणि ठरावीक दिवसांनी परत अर्ज करता येतो. काढून टाकणे आणि टाकून देणे यातला हा फरक घरच्यांनीही शिकण्याजोगा.

घर नसेल तेव्हा

इतके सगळे निकष लावल्यावर वऱ्हाडातल्या बहुतेक कुटुंबांच्या हाती काहीच उरत नाही. मग घर शोधण्यापेक्षा करावे लागते. नात्यातले दुसरे घर ही इथली जुनी सोय, पण ती आजवर उलट्या दिशेने वापरली गेली. पिणारा आपल्या ओसरीवर आणि बायको-पोरे मामाकडे. गाडगेबाबांचे बालपण याच वाटेने गेले. वडील झिंगराजी दारूपायी घरदार गमावून वारले, आणि आई सखूबाई लहान डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला गेली. सोबर होमची कल्पना हा क्रम फिरवते: घर बायको-पोरांचे राहते आणि सोडणारा काही महिने बाहेर राहतो. बहीण, मावशी किंवा आत्याचे शहरातले घर त्यासाठी चालते, अटी दोन. त्या घरात कुणीही पिणारा नको, पाहुणासुद्धा. आणि सोडणाऱ्याला फुकट ठेवून न घेता त्याच्याकडून महिन्याचे काही तरी घ्यायचे.

दुसरी शक्यता अमरावतीतच पडून आहे. विद्यापीठ आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसमुळे शहरात पोरांना खोल्या आणि मेसचे डबे देणारी अख्खी व्यवस्था तयार आहे. दारू सोडून सहा महिने-वर्ष झालेला एक माणूस, नुकतीच सुट्टी झालेले दोन-तीन, चार खाटांचा ब्लॉक, मेसचा डबा, शंभर-दोनशे रुपयांचे नियम-रजिस्टर आणि श्वास तपासायचे यंत्र, एवढ्यावर ऑक्सफर्ड हाउसचे मूळ तिन्ही नियम चालू शकतात. अडचण पैशाची कमी, घरमालकाची जास्त. ‘दारुड्यांना खोली देत नाही’ असे तो म्हणणारच. अशा वेळी भाडेकरार आणि पोलिसांतली भाडेकरूची नोंद वेळेवर करावी, उपचार करणाऱ्या डॉक्टरचे पत्र दाखवावे, आणि त्याला सरळ सांगावे की या ब्लॉकमध्ये प्यायलेल्याला आम्हीच त्या दिवशी बाहेर काढू. परीक्षार्थी पोरांच्या खोल्यांबद्दल एवढी हमी त्याला आजवर कुणी दिलेली नसते. अकोल्यात गोरक्षण रोडच्या आसपास किंवा एमआयडीसीजवळ कामाच्या सोयीने हेच करता येईल.

घर पक्के झाले की बाहेर पडण्याचीही तारीख सुरुवातीलाच ढोबळमानाने ठरवावी, मग पुढे-मागे करावी. आधी रविवारची चक्कर, मग एक मुक्कामाची रात्र, मग आठवडा. लग्नाचे निमंत्रण आले तर पहिले वर्ष हळदीला न जाता थेट मुहूर्तावर जावे आणि जेवून निघावे. सोयाबीनचे पैसे त्या वर्षी भावाच्या खात्यात उतरवावेत. घरी परतल्यावरही जुन्या खोलीतली मंडळी, ठरलेली मीटिंग आणि मानसोपचार विभागातली पुढची तारीख हे तीन धागे किमान दोन वर्षे तुटू देऊ नयेत. इर्विनच्या आणि सर्वोपचारच्या ओपीडीत सकाळी चिठ्ठी लवकर काढली तर दुपारपर्यंत गावाची एसटी मिळते.